नातीनं आणलेला चहा

आये, पहिली आली ती शेजारची जाऊ. दारात गाडी थांबायच्या आधी ही आत. "आवं आक्का, पावणं आलं बगा तुमच्याकडं, फाईल घिऊन!" तिच्या मागनं तलाठी आन् तालुक्याची मॅडम. तुला ठावं न्हाई, तुझ्यामागं मला नात झाली. सतरा वर्षांची हाय. डावा पाय जन्मापासनं आखूड, पण लय गुणाची गं! शिवणकाम शिकती, भाकरी पातळ थापती. सरकारकडनं तिला अपंगांचा पगार येतो, त्यातनं तिचा जाड तळाचा बूट हुतो. आता नियम बदललं म्हणं. मिरजेच्या दवाखान्यातला जुना दाखला एकटा चालत न्हाई, घरी येऊन बघणार, मगच पगार चालू ठेवणार.

मेढ्याला आपल्या घरी चुलीपाशी तू मला चिमटा काढलावतास, आठवतं का? मामा आल्तं आन् मी बोलून गेले, घरात दूध न्हाई. मामा गेल्यावर तू म्हणतीस, "पावण्यांपुढं उणं उघडं करतीस व्हय गं?" ते डोक्यात असं बसलंय की परवा ही माणसं येणार कळल्यावर मी आधीच जावंच्या घरनं दोन चांगल्या खुर्च्या आणल्या, पोरीला नवा ड्रेस घालाय लावला. म्हटलं, काठी आन् बूट ऱ्हाऊ दे आत, चहा तूच घिऊन ये. ट्रे धरून, ओठ दाबून आली बिचारी. एक थेंब सांडला न्हाई. मॅडम म्हणाल्या, "आजी, ही चालते की चांगली." मी आपली फुगले. "चालती? आवं, पाणी भरती, सगळं करती माझी!" मॅडमनी लिवून घेतलं. जावंनं कोपर मारलं तवा उमगलं, मी काय करून बसले. आतनं काठी आणली, बूट आणला. तलाठी हसला, "आजी, आता काढता व्हय काठी?"

गाडी गेल्यावर पोरगी पाय चोळत बसली हुती. मी तेल घिऊन गेले तर म्हणाली, "आज्जे, तुला माझ्या काठीची लाज वाटती?" मी म्हटलं, न्हाई गं बाय, काय बी बोलतीस.

आये, वाटती. तुला म्हणून लिवलं. हा कागद कुठं धाडायचा न्हाई, पोरीच्या हाताला लागायच्या आत फाडणार हाय. मॅडमनी लिवलेलं अजून वर धाडलं न्हाई. एकदा परत बघून जाते म्हणाल्या. बेस्तरवारी येणार हायेत.