भिंतीकडचा वाफा

४ सप्टेंबर
वाफे वाटून टाकले! शाळेची बाग 'सगळ्यांची' होती तोवर पाणी घालायला एक जण फिरकत नव्हता. आता वर्गातल्या प्रत्येकाला एक वाफा, त्यात त्याच्या नावाची पाटी. मोठ्या बाई म्हणाल्या, "भांडतील." भांडू देत. दुपारच्या भाताबरोबर ताटात हिरवं काही पडलं म्हणजे झालं.

२९ सप्टेंबर
पालक आला, मुळे आले. पोरं हात धुतलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, आपल्या वाफ्यात नेऊन ओततात. ज्याची भाजी शिजते त्याचं नाव स्वयंपाकाच्या मावशी वाढताना मोठ्यानं सांगतात – ही युक्तीही माझीच. मोठ्या बाईंची बोलती बंद.
दोन आळशी कार्ट्यांना आज सगळ्यांसमोर दम भरला – वाफ्यात काही नाही, तर ताटातही काही नाही. दोघं बादली घेऊन पळत सुटले.

६ ऑक्टोबर
एकट्या मिरीच्या, भिंतीकडच्या वाफ्यात अजून काही नाही. एवढीशी आहे आणि तिखट, म्हणून मिरी. तिसऱ्यांदा बी दिलं. "पाणी घालतेस ना गं?" ती बादली उचलून वाफ्याकडे गेली.

९ ऑक्टोबर
तिच्या वाफ्यातली माती कायम ओली असते. मग उगवत का नाही?

११ ऑक्टोबर
मावशी म्हणाल्या, "बाई, मिरी चार-पाच दिवस जेवायलाच येत नाही. भूक नाही म्हणते."
भूक नाही? तिची आई उजाडायच्या आत कामावर जाते. शाळेतलं जेवण हेच त्या पोरीचं दिवसाचं खरं जेवण! आणि मला पत्ताच नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं कुठं काय उगवलंय?"
"जेवायचं नाही असं कोण म्हणालं तुला?"
"तुम्हीच. वाफ्यात काही नाही, तर–"
पुढचं ऐकवेना. अगं, ते त्या दोघांना म्हटलं होतं, तुला नाही. पण तिला काही केल्या पटेना. घास भरवायला गेले तर ओठ घट्ट मिटून घेतले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

१२ ऑक्टोबर
भिंतीजवळ खणून पाहिलं. वीतभर खाली नुसता चुना आणि विटांचे तुकडे – भिंत बांधताना उरलेले. तिथं गवतही धरणार नाही. वाटायच्या आधी हे बघायला माझे हात मोडले होते का?
सगळ्या पाट्या उपटल्या. वर्गाला सांगितलं, बाग आजपासून सगळ्यांची. मिरीला तो खड्डा दाखवला, विटा दाखवल्या. तिनं विटेचा एक तुकडा उचलून पाहिला, मग म्हणाली, "उद्या जेवते." मोठ्या बाई 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणाल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. आज जरा बरं वाटतंय.

१३ ऑक्टोबर
मिरी रांगेत आली. ताट पुढे केलं. मावशींनी पळी उचलली, तेवढ्यात तिच्या मागचा मुलगा – वर्गातला सगळ्यात समजूतदार – हळूच म्हणाला, "मावशी, तिला माझी भाजी नका वाढू."
मी रांगेकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं.