अध्यक्षांना माझा विरोध राहील

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

इथल्या, म्हणजे आयर्लंडमधल्या, मीथ मराठी मंडळाच्या निवडणुकीचा निकाल लागला. आपलं पॅनेल पडलं. नवे अध्यक्ष, चंद्रहास. एकेचाळीस विरुद्ध सव्वीस.

चंद्रहास आणि मी अकरा वर्षांचे मित्र. नावन गावी एकाच हाउसिंग इस्टेटमध्ये घरं, लिक्सलिपच्या चिप प्लांटमध्ये एकाच मजल्यावर नोकरी, जायला-यायला त्याचीच गाडी. पण तो समोरच्या पॅनेलमधून उभा राहिला आणि मी विक्रांतच्या. दोन्ही पॅनेलचे जाहीरनामे शब्दशः सारखे निघाले, कारण दोन्ही मीच लिहिले होते. त्याचा मैत्रीखातर लिहून दिला होता. ही चूक परत करणार नाही.

लोकशाहीत जबाबदार विरोधक लागतो. ती जबाबदारी आजपासून माझी. वैयक्तिक काही नाही. उद्यापासून वेगळी गाडी.

वाईट वगैरे काही वाटलं नाही. जेवलो. झोपलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

चंद्रहास नेहमीसारखा बाहेर येऊन थांबला. मी वरून पडद्याआडून पाहिलं. नीलिमाने, म्हणजे आमच्या सौ.ने, जाऊन सांगितलं की मी आज वेगळा येणार. तो म्हणाला म्हणे, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत ‘बरं, ठीक’. या उद्दामपणाची नोंद घेतली आहे.

एम-थ्री हायवेवर सगळा वेळ त्याच्याच मागे होतो. रेडिओ लावला होता. काय लागलं होतं ते आठवत नाही.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा

कार्यक्रम चारचा होता आणि चारला सुरू झाला! आम्ही पावणेपाचला पोचलो तर गुढी उभारून मोकळे. ही हुकूमशाही आहे. विक्रांत अध्यक्ष असताना सव्वा तास उशीर व्हायचा, पण त्यामागे विचार होता. लोकांना एकमेकांशी बोलता यायचं.

श्रीखंड दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा निषेध म्हणून घेतलं नाही.

घरी येऊन ग्रुपवर सतरा मुद्द्यांचं निवेदन टाकलं. अध्यक्षांनी नुसते जोडलेले हात पाठवले. एकही मुद्दा खोडता आला नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

अध्यक्षांचा फोन. घेतला नाही. पाच मिनिटांनी परत आला. मुद्दाम घेतला नाही. तिसऱ्यांदा आलाच नाही. माणसात चिकाटी नाही.

शनिवार, १७ मे

आमच्या चैत्रालीला, वय वर्षं तेरा, चंद्रहासच्या सानिकाकडे राहायला जायचं होतं. तिला बसवून नीट समजावलं की आपला विरोध पदाला आहे, व्यक्तीला नाही, तरीपण काही काळ अंतर ठेवणं इष्ट. तिने मराठीत सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं की ती बॅग भरून बसली आहे आणि मी तिला सोडणार आहे की तिने चालत जायचं.

सोडलं. गाडीतून उतरलो नाही. खिडकीतून चंद्रहासने हात केला. मी वायपर चालू केले.

रविवार, १५ जून

अविश्वास ठराव आणायचा. मंडळाच्या घटनेप्रमाणे पंधरा सह्या लागतात. घटना मीच लिहिली आहे, त्यामुळे हे कलम पाठ आहे. नावांची यादी केली. हमखास वीस.

महिन्याअखेर ठराव मंजूर. जुलैत नवी निवडणूक. ऑगस्टचा गणपती आपला.

गुरुवार, १० जुलै

सही: एक. माझी.

नीलिमाने सही केली नाही. म्हणाली की चंद्रहासची माधवी माझी मैत्रीण आहे आणि तुझं व्हिटॅमिन डी तपासून घे. अभिजित म्हणाला बघू. इंद्रनील म्हणाला आधी अभिजितची घ्या. विक्रांत सही करूच शकत नाही, कारण चंद्रहासने त्याला क्रीडा सचिव केलं आहे आणि त्याने ते घेतलंही! बॅडमिंटनचं कोर्ट बुक करायचं होतं, म्हणाला. आत राहून लढण्याचा त्याचा विचार असावा. दूरदृष्टीचा माणूस.

मंगळवार, २२ जुलै

प्लांटमध्ये क्लीनरूमच्या आत सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये. तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल. मशीनच्या आवाजात बोललेलंही धड ऐकू येत नाही. तरी अभिजित त्याच्या उंचीवरून ओळखू येतो. त्याला गाठून दहा मिनिटं ठरावाचं महत्त्व पटवलं. अध्यक्ष कसे मनमानी करतात, वक्तशीरपणाच्या नावाखाली लोकांना कसे वेठीला धरतात, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मान डोलावत होता. शेवटी त्याने खुणेने विचारलं की कागद कुठे आहे. म्हटलं, लॉकरमध्ये ठेवतो, सही करून टाक.

संध्याकाळी कागद पाहिला. सही चंद्रहासची. खाली तारीखसुद्धा घातली आहे.

घटना चाळली. अध्यक्षाने स्वतःविरुद्धच्या ठरावावर सही करू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. माझ्याकडून राहून गेलं. ठरावाची धार बोथट करायचा हा डाव उघड आहे. पण सही ती सही. एकूण दोन.

शनिवार, ३० ऑगस्ट

मंडळाच्या गणपतीवर बहिष्कार. त्याच वेळी आपल्या घरी सर्वांसाठी खुला गणेशोत्सव ठेवला. पंचेचाळीस मोदक मी स्वतः केले. नीलिमा आणि चैत्राली मंडळाच्या हॉलवर. चैत्रालीचा नाच होता तिथे.

दुपारी साडेचारपर्यंत एक माणूस आला, शेजारचा पॅट. त्याने चार मोदक खाल्ले. विचारत होता की युअर मॅन चंद्रहास हल्ली गाडी घेऊन येताना दिसत नाही, काही भांडण झालं का. मी म्हटलं, भांडण नाही, राजकारण आहे. तो म्हणाला, त्याचा काका आणि वडील असेच बत्तीस वर्षं बोलले नव्हते. मी विचारलं, शेवटी कोण जिंकलं. त्याला माहीत नव्हतं.

आरती एकट्याने म्हटली. टाळ्या वाजवायच्या की ताट धरायचं हा प्रश्न येतो. ताट धरलं.

मंडळाच्या ग्रुपमधून जाहीरपणे बाहेर पडलो. दहा मिनिटांत चंद्रहासने परत घेतलं. परत बाहेर पडलो. त्याने परत घेतलं. तिसऱ्यांदा बाहेर पडलो तेव्हा मात्र त्याने ऐकलं. हा विजय आहे. आनंद असा झाला नाही. हातपाय नुसते जड झाले आहेत.

शनिवार, २५ ऑक्टोबर

या देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीचा निकाल. हरलेल्याने जिंकलेल्याचं लगेच अभिनंदन केलं. टीव्हीवर सगळ्यांसमोर! कच्चे लोक. यांना विरोधी पक्ष म्हणजे काय हेच कळलेलं नाही.

नीलिमाने काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, माधवी आणि ट्रली गावाबद्दल. अध्यक्षांच्या घरचे विषय या घरात नकोत असं सांगितलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

वार्षिक सभा. चौदा मिनिटं बोललो. तेवीस मुद्दे. कोणी मध्ये बोललं नाही, कोणी उठून गेलं नाही. संपल्यावर टाळ्या. इतक्या टाळ्या विक्रांतलाही कधी पडल्या नव्हत्या. वाटलं, जिंकलो.

मग चंद्रहास उठला. म्हणाला की माधवीला ट्रलीच्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली, दोन आठवड्यांत ते कायमचे तिकडे जाताहेत, त्यालाही तिकडे काम मिळालंय. उरलेल्या मुदतीसाठी त्याने अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवलं. सगळे हात वर गेले. विक्रांतचा सर्वात आधी.

हे ट्रलीचं सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रुपवर सप्टेंबरातच आलं होतं म्हणे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अध्यक्षपदाचा पहिला दिवस. कामाला शिस्त हवी म्हणून नीलिमाला विचारलं की आता विरोधात कोण कोण असेल. ती भांडी कपाटात लावत होती. म्हणाली की कोणी नाही, आधीही तू एकटाच होतास. फेब्रुवारीतच चंद्रहासने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे, की गिरीश निवडणूक हरलाय, त्याला बोलू द्या, कोणी उलटून बोलू नका.

म्हणजे टाळ्यासुद्धा ठरवून.

व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट आला. नॉर्मल आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी चंद्रहासच्या दारात व्हॅन लागली. नीलिमा आणि चैत्राली सातलाच मदतीला गेल्या. मी अध्यक्ष या नात्याने निरोपाचं भाषण लिहायला बसलो. मतभेद धोरणांचे होते. व्यक्तिशः आदर. मंडळासाठी त्यांनी केलेल्या कार्याबद्दल आभार. दोन पानं.

साडेनऊला तो दारात आला. नीलिमा त्याच्याबरोबरच आली होती, तिने खालून हाक मारली. म्हटलं, दोन मिनिटं, शेवटचा परिच्छेद राहिलाय. ‘कार्य’ लिहावं की ‘योगदान’ यावर अडलो होतो. योगदान केलं.

उतरलो तेव्हा दार उघडं होतं आणि नीलिमा एकटी उभी होती. म्हणाली की तो सतरा मिनिटं थांबला. व्हॅनवाला हॉर्न मारत होता, ट्रली चार तासांवर. मी म्हटलं, मग वर यायचं ना. ती म्हणाली की तो दोनदा जिन्यापर्यंत आला होता आणि दोनदा परत फिरला, तू चिडशील म्हणून.

रस्त्यावर जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. चैत्राली त्यांच्या फाटकाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी भाषण परत वाचलं. भाषा चांगली उतरली आहे. मला त्याची आठवण येते, फेब्रुवारीपासून रोज येते. दोन पानांत हे कुठेही लिहिलेलं नाही.