आपणहून बाद

मास्तर, मी अजून आधी पायच बघतो. सामना कॉलेजांचा असो की जत्रेतला, लोक मधल्या रेषेपाशी गर्दी करतात, कारण चढाईवाला तिथून दम धरून निघतो आणि टाळ्या त्यालाच पडतात. मी मागच्या रेषेच्या टोकाला, कोपऱ्यापाशी उकिडवा बसतो. कोपरा सांभाळणाऱ्याची टाच टेकलेली आहे की उचललेली, मागे सरताना तो पाऊल उचलून टाकतो की घासत नेतो, चढाईवाला समोर नाचत असताना तो त्याच्या डोळ्यांत बघतो की कमरेकडे, एवढं ओळखायला मला पाच चढाया पुरतात. "डोळं फसिवत्यात, हात फसिवत्यात," तुम्ही म्हणायचात, "कंबर न्हाई फसवत. जिकडं कंबर तिकडं गडी." कारखान्यात मी लेथ चालवतो, आणि तिथल्या संघासाठी गेली बारा वर्षं गडी निवडतोय. तुम्ही ज्याला हुतुतू म्हणायचात त्याला आता सगळे कबड्डी म्हणतात, नियम छापून आलेत, पण कोपऱ्यावरचा गडी कसा पारखायचा याचं पुस्तक अजून कुणी काढलेलं नाही. असतं तर मी वाचलं असतं. चौथीनंतर जे काही वाचलं ते माझं मीच वाचलं, आणि हे एवढं तुमच्या चुलीपुढं शिकलो.

शाळेमागची ती तुमची खोली. तुम्ही एकटे. एका हातानं तव्यावरची भाकरी फिरवताय आणि दुसऱ्या हातानं चुलीतली राख जमिनीवर पसरताय. राखेत बोटानं मैदान आखलं की सात पावटे मांडायचे, चिंचोका म्हणजे चढाईवाला. चिंचोका डावीकडे सरकला की मी कोपऱ्यावरचा पावटा पुढं ढकलायचो आणि तुम्ही उलथन्यानं माझ्या बोटांवर हाणायचात. "पुढं कुटं चाललास? तो यील की तुझ्याकडं. कोपऱ्यानं वाट बघायची." भाकरी करपायची. करपलेली तुम्ही घ्यायचात, चांगली मला. माझ्या वहीची अक्षरं लोकांना गिचमिड वाटतात, पण तिच्यातल्या सगळ्या खुणा त्या राखेतल्या आहेत. डा. को. म्हणजे डावा कोपरा. घो. म्हणजे घोटा धरतो. एकही शब्द जास्तीचा नाही. त्याचा मला अभिमान होता, तोही लपवत नाही.

आणि रिहे गावच्या सामन्याचा तो दिवस. भात निघाल्यावर खाचर धोपटून, पाणी मारून मैदान केलं होतं, पायाला धसकटं टोचत होती. मी पंधरा वर्षांचा, डाव्या कोपऱ्यावर. परत फिरताना चढाईवाल्याचं नख माझ्या दंडाला लागलं. त्याला स्वतःलाही कळलं नाही. पंच दुसऱ्या बाजूला. मी गप्प उभा राहिलो. तुम्ही बाहेरून सरळ मैदानात आलात, चालू सामन्यात, आणि माझं मनगट धरून हात वर केलात. दोन्ही गावं बघतायत.

"लागलं व्हतं का न्हाई?"

"पंचानं न्हाई बघितलं, मास्तर."

"पंचाला डोळं दोन. कातडं तुझ्या अंगाला हाय. लागल्यालं त्याला कळंल का तुला?"

उरलेला सामना मी बाहेर बसून पाहिला. आपण हरलो.  घरी येताना ओढा ओलांडल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "पंचानं बाद केल्यावर कुणीबी जातंय. आपणहून बाद हुतो त्यो गडी." पुढं आपल्या सगळ्या खोऱ्यात हेच झालं. बाहेरगावचे संघ म्हणायचे, मुळशीच्या पोरांशी खेळताना पंच लागतच नाही.

तुम्ही जाऊन सतरा वर्षं होतील. तुम्ही गेल्यावर नवव्या वर्षी मला तो मुलगा दिसला. आमच्या संघात दोन जागा रिकाम्या होत्या, दोन्ही कोपऱ्यांच्या, आणि त्या जागेबरोबर कारखान्यात कायमची नोकरी. पुण्यातल्या कॉलेजांचे सामने चालू होते. मी वही घेऊन रोज मागच्या रेषेशी. तिसऱ्या दिवशी एका कॉलेजाच्या डाव्या कोपऱ्यावर तो. अंगानं सडसडीत, बघणाऱ्याला वाटावं हा कुणाला काय अडवणार. पण मागे सरताना पावलाचा आवाज नाही. एकदा घोटा धरला तो दोन्ही हातांनी, मान आत घेऊन, अगदी राखेतल्या पावट्यासारखा वाट बघून. मी चौकशी केली. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीचा निघाला. बाप होडी चालवतो. वाडीतून कॉलेजात गेलेला हा पहिला. मला बरं वाटलं, आपल्या तालुक्याचा म्हणून, पण त्यासाठी मी अर्धा गुणही वाढवला नसता, हे तुम्हाला माहीत आहे.

शेवटच्या सामन्यात दोन्ही बाजू बरोबरीत. चढाईवाला आत आला, फिरला आणि मधल्या रेषेकडे पळाला. कुणाला लागलं असं कुणालाच वाटलं नाही, पंचालाही नाही. आणि या पोरानं हात वर केला. चड्डीच्या काठाला बोट लागलं होतं म्हणे. हात वर, आणि चालत बाहेर. त्या एका गुणानं कॉलेज हरलं. त्याचा कप्तान सगळ्यांसमोर ओरडला, "काय रे साधुमहाराज, कुणी विचारलं होतं का तुला? जा आता, मठ काढ!" पोरं हसली. तो नुसता पायाची माती झटकत बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मास्तर. मी वहीत लिहिलं: डा. को. पाय पक्के. घो. पहिल्या झटक्यात. कंबर बघतो. आणि सगळ्यात शेवटी, मागे-पुढे काहीही न जोडता: आपणहून बाद. याच्याहून मोठं सर्टिफिकेट माझ्याकडे नव्हतं. तोवर कुणाच्याही नावापुढं मी ते लिहिलं नव्हतं.

महिन्यानं रिह्याच्या जत्रेत त्याला पुन्हा बघायला गेलो. एकदा बघून मी कधी निवडत नाही, मातीवर निराळा आणि शहरात निराळा खेळणारे असतात. मला कोपऱ्याशी बसलेलं बघून पारावरचे म्हातारे सुरूच झाले. "आलं बगा, कारखान्याचं पाव्हणं! पोरगं बघायला!" दुसरा म्हणतो, "ए, जरा चालून दाखीव रं त्यांना. दात बी दाखीव." तो लाजला, पण खेळला चोख. सामना संपल्यावर टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यामागं यष्टीच्या थांब्यापर्यंत आला. "साहेब, एक विचारू? होईल का काम? बाप म्हणतोय, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ऱ्हा पुण्यात, न्हाईतर ये वल्हं धरायला."

वहीतली नोंद आधी कुणाला सांगायची नाही, हा माझाच नियम. तो त्या दिवशी मी मोडला. म्हणालो, "माझ्या वहीत काय लिहिलंय ते मला माहीत आहे. तू घरी जाऊन सांग." त्यानं खाली वाकून पायांना हात लावला. मी लावू दिला.

वही कारखान्याच्या कचेरीत जाते. तिथला कारकून तिच्यावरून यादी करतो, साहेब सही करतो. यादी फाटकाशी लागली तेव्हा डाव्या कोपऱ्याला दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. मी साहेबाकडे गेलो. साहेबानं वही उघडून माझ्यापुढं सरकवली. "तुमचंच अक्षर ना? आपणहून बाद. आम्ही समजलो, गडी स्वतःच नको म्हणाला." मी सांगितलं, की खेळात बाद म्हणजे काय आणि हे लिहिणं म्हणजे काय. साहेब भला माणूस, हसला. म्हणाला, "ठीक आहे. बदलू यादी. फक्त तुमची नोंद चुकली असं दोन ओळी लिहून द्या, म्हणजे मला वर दाखवता येईल."

नोंद चुकली नव्हती. वाचणाऱ्याचं चुकलं होतं. मी लिहून दिलं नाही. दहा-वीस मॅट्रिकवाल्या कारकुनांच्या कचेरीत चौथी पास माणसानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, की मला लिहिता येत नाही? साहेब दोन दिवस थांबला. मग त्याच यादीवर शेवटची सही झाली.

पोरगा फाटकाशी आला. धुतलेला सदरा, हातात बापानं दिलेली माशांची पिशवी, माझ्यासाठी. "साहेब, माझं काय चुकलं?" मी म्हणालो, "वरून आलं." एवढंच. पिशवी मी घेतली नाही. दिवाळीनंतर तो होडीवर गेला नाही, बापाला काय तोंड दाखवायचं म्हणून बावधनकडच्या खडीच्या खाणीत लागला. दुसऱ्या उन्हाळ्यात वरून धोंडा आला. डावं पाऊल घोट्यापासून काढलं. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. भेटायला मी गेलो नाही. घरी, कारखान्यात, जिथं विषय निघाला तिथं मी सांगत आलो, की एका कारकुनानं चांगल्या पोराचं वाटोळं केलं. लोक चुकचुकतात. आठ वर्षं मी हे सांगतोय.

परवा रिह्याला गेलो होतो. तेच खाचर, तीच धसकटं. कोपऱ्याशी माझ्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी पोतं टाकून बसलेलं, शेजारी काठी. तो. दाढी वाढलेली, अंग सुटलेलं. वाडीतल्या पोरांचा संघ तोच शिकवतो म्हणे, आणि पोरं झकास खेळत होती, डावा कोपरा तर मी तिथल्या तिथं वहीत घेण्यासारखा. मी त्याच्या शेजारी बसलो. त्यानं ओळखलं, पोतं सरकवून जागा दिली, पोराला चहा आणायला पिटाळलं. काही बोलायच्या आत डाव्या कोपऱ्याला चढाईवाल्याचं बोट लागलं. पंचाला दिसलं नाही. कोपऱ्याचा हात खांद्यापर्यंत वर आला, आणि माझ्या शेजारून हा ओरडला, "हात खाली! खाली घे की रं हात!"

हात खाली गेला. खेळ पुढं सरकला.

मी म्हणालो, "त्याला लागलं होतं."

"लागलं व्हतं की. मला दिसलं."

"मग?"

"मग काय साहेब? मी केला व्हता ना हात वर. तुमी तितंच बसला व्हता. लिवून बी घेतलंत." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मागनं कळलं मला फाटकावरच्या मानसाकडनं, वहीत माझ्या नावाम्होरं बाद हाय म्हनून. लई इचार केला. पाय चांगलं व्हतं, घोटा धरायचो. मग काय नडलं? मग ध्यानात आलं, ह्यो हात नडला. बरोबर हाय तुमचं. कारखान्याला जिताय पायजे, साधू कशाला पायजे? आता पोरांना पयलं हेच शिकिवतो. पंचानं न्हाई बघितलं तर गप ऱ्हायचं. ह्यांचं तरी कायतरी व्हावं."

चहा आला. तो बशीत ओतून माझ्यापुढं धरला त्यानं. मी तो प्यालो, मास्तर. सांगता आलं असतं. बाद म्हणजे बाद नव्हतं, ते माझ्याकडचं सगळ्यात मोठं लिहिणं होतं, एवढं एक वाक्य. पण ते ऐकून त्या माणसानं काय करायचं होतं? त्याचं पाऊल त्या शब्दापायी गेलं, ते निदान बरोबर कारणानं गेलं असं तो धरून बसलाय. ते तरी कसं काढून घ्यायचं. असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. यष्टीत बसल्यावर कळलं, की हे सगळं मी त्याच्यासाठी म्हणत नव्हतो. पलीकडच्या खाचरात बारकी पोरं खेळत होती, त्यांच्यातही कुणी हात वर करत नव्हतं. तुमच्या खोऱ्यात आता पंच लागतो, मास्तर. दोन लागतात.

हे मी निवडीच्याच वहीत लिहितोय, मागच्या कोऱ्या पानांवर. फाडून पाकिटात घातलं तरी वर पत्ता काय लिहायचा. पुढच्या आठवड्यात वही कचेरीत द्यायचीय, तेव्हा ही पानं शिवणीपासून काढून घेईन.

एक राहिलं. ते घरीही बोललो नाही. यादी लागायच्या चार दिवस आधी तो कारकून माझ्या लेथपाशी आला होता. वही उघडी, बोट नेमकं त्या दोन शब्दांवर. नवा होता, बिचकत होता. भोवती सहा-सात जण काम थांबवून बघत होते. म्हणाला, "हे बाद म्हणजे काय हो? हा नको म्हणाला, की तुम्हीच काढलात? मला नीट कळलं नाही." त्यानं विचारलं होतं, मास्तर. मी मशीन बंदही केलं नाही. म्हणालो, "मॅट्रिक झालात ना? मग लिहिलंय ते वाचा की." सगळे हसले. मलाही हसू आलं. तो "बरं" म्हणाला आणि गेला.