श्यामकांतचा पीपी नंबर

मुलुंड, मार्च २००१

सौ. जयंतीस,
तुझी आठवण काढतच लिहायला बसलोय. आपला देवव्रत बरा आहे, हे आधी सांगतो. कपाळाला टाके पडलेत, एवढंच.

काल त्याच्या कॉम्प्युटरवर, त्या लिनक्सवर, इंटरनेटचा मोडेम एकदाचा चालू झाला. सगळा वर्ग आपापल्या चालीत कविता म्हणतोय, असा आवाज! मी डोळे मिटून ऐकत बसलो. पण तो चालतो आपल्या फोनच्याच लाइनवर, म्हणजे तोवर फोन एंगेज. शेजारच्या श्यामकांतची आई इस्पितळात, आणि घरी फोन नाही म्हणून त्याने तिथे निरोपासाठी, पीपी म्हणून, आपलाच नंबर दिलेला, हे आमच्या ध्यानातच नाही.

तो बत्ता घेऊनच आला. "माझी आई मरतेय तिथे, आणि तू खेळतोस, हलकटा?" आधी मोडेमचा चुरा केला, मग बत्ता देवव्रतच्या कपाळावर. मी मध्ये पडलो. माझा दात तसाही हलतच होता गं.

मोडेम फुटल्याने लाइन मोकळी झाली होती; तेवढ्यात फोन वाजला. श्यामकांत म्हणाला, "काका, तुम्हीच घ्या ना."

इस्पितळातूनच होता; त्याची आई शुद्धीवर आली होती.

मग दोघे एकाच रिक्षाने इस्पितळात गेले, श्यामकांत आईकडे आणि देवव्रत टाक्यांना. वाटभर श्यामकांतने त्याची जखम दाबून धरली होती, म्हणे.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझाच,
वसंत