एकतीस गुरुवारांचे पुस्तक

एका पुस्तकाची खरी किंमत आधी मांडतो: एकतीस गुरुवार, माझी बायको नूरबी हिचे डोळे (चष्मा तेव्हाच लागला), आणि शेजारचे वर्कशॉपवाले उद्धवराव यांच्याशी नऊ वर्षांचा अबोला.

मी, लालमहंमद इब्राहिम अत्तार, वय ६३, धंदा लेथ-दुरुस्ती, राहणार दापोडी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना (नूरबीचे धरू नये) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. घर, वर्कशॉप व दोन लेथ यांची वाटणी शरियतप्रमाणे व्हावी. त्यात मी अक्कल लावत नाही.

२. चाकणपासून खडकीपर्यंत कोणाच्याही लेथची कुरकुर सुरू झाली की मला बोलावतात. मी डोळे मिटून कान लावतो व बिघाड सांगतो. शिक्षण चौथी. कान ही अल्लाची देणगी. ती कोणाच्या नावे करता येत नाही, याचे मुलगा जहीर याने वाईट वाटून घेऊ नये.

३. सन १९६७ मध्ये फोरमन ज्योतीराम कंपनीतले लेथचे जुने विलायती पुस्तक बुधवारी डब्याच्या पिशवीतून आणत. आमच्या भागात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला पुस्तक परत. असे एकतीस आठवडे. नूरबीला इंग्रजीचा गंध नाही, पण मेंदी काढावी तशी तिने अक्षरे आणि चित्रे उतरवली.

१९७२ मध्ये उद्धवरावांनी आमची प्रत दोन दिवस नेली आणि तिची नक्कल केली. मी तडक वकिलाकडे. म्हटले, "माझ्या पुस्तकाची चोरी झाली, नोटीस काढा."

वकिलांनी पहिले पान वाचले. "शेठ, इथं लिहिलंय, प्रकाशकाच्या लेखी परवानगीवाचून यातलं काहीही उतरवायला मनाई आहे. हे कुणी लिहिलं?"

"आमच्या हिनं."

"अक्षर सुरेख आहे. माल उचलताना तुम्ही 'चोरी करू नये' ही पाटीसुद्धा उचललीत!"

घरी नूरबी म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, एक ठिपका गाळू नकोस?"

४. मग मी विलायतेस प्रकाशकाला परवानगीसाठी पत्रे टाकत राहिलो. गतवर्षी उत्तर आले: हवे त्याने खुशाल उतरवावे. मात्र त्यांच्या दप्तरी मूळ पुस्तक उरलेले नाही, तरी कृपया एक प्रत पाठवावी. नूरबी पुन्हा बसली.

५. सबब हे पुस्तक भोसरीच्या कामगार वाचनालयास द्यावे. कोणीही उतरवावे. जहीर म्हणतो, "अब्बा, पुस्तक सगळ्यांना दिलं तर आपल्या दारात कोण येणार?" बरोबर आहे. गिऱ्हाईक तुटेल. पण लेथ बंद पडला की त्यावरच्या माणसाचा रोज बुडतो, आणि मी पोचेपर्यंत दोन-दोन दिवस तो बिडी ओढत बसतो. जहीरने हात चालवून कमवावे.

६. उद्धवरावांची माफी मी समक्ष मागितली आहे. म्हणाले, "नऊ वर्सं लागली व्हय राव? बसा, च्या घ्या."

दापोडी, ता. १४ मार्च १९८१.
सही: लालमहंमद इब्राहिम अत्तार

साक्षीदार १: ज्योतीराम, निवृत्त फोरमन. पिशवी माझीच होती.

साक्षीदार २: उद्धवराव, वर्कशॉपवाले. आजवर कोणाला बोललो नाही, पण आता पुस्तक वाचनालयात जाणार म्हणून नोंद करतो: कोणत्या आवाजाला कोणता बिघाड, याचा तक्ता पान ९४ वर आहे.