दुधाचा पाला

मी, हिराबाई दशरथ तळपे, वय अठ्ठ्याहत्तर, जमात महादेव कोळी, मूळची वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीची, हल्ली राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगते आहे आणि वकील आम्रपालीताई ते उतरवून घेत आहेत. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. दुपारी डोळा लागला की आमच्या गच्चीवर कारवी फुललेली दिसते आणि धुक्यातून कुणीतरी हाक मारतं, हे खरं. पण त्याला वेड म्हणत नाहीत, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे.

१. वारज्याच्या दोन खोल्या माझ्या यजमानांनी मार्केट यार्डात पोती वाहून घेतल्या. त्या मुलगा साईनाथ आणि सून शकू यांना मिळून द्याव्यात. कागदावर शकूचं नाव आधी घालावं. साईनाथ भोळा आहे, कुणी गोड बोललं की सही करून मोकळा होतो.

२. डोंगरावरचं भाताचं खाचर आणि बांधावरचे हिरडे साईनाथचे. दीर धोंडिबाने आमचे दोन हिरडे तोडून कोळशाला घातले, ते मी विसरलेले नाही. माझा कोयता त्याला देऊ नये.

३. बँकेत असेल ते साईनाथची मुलगी तेजस्विनी हिला.

४. पाटा-वरवंटा शकूला. पाला मिक्सरमध्ये वाटू नये, मिक्सर तापतो. गच्चीवरचे तेलाचे डबे, त्यांतल्या झाडांसकट, तिचेच. डब्यांतलं पाणी गळतं म्हणून ज्यांनी सोसायटीत अर्ज दिला ते गृहस्थ इथे साक्षीदार म्हणून बसले आहेत, तेव्हा जास्त बोलत नाही.

५. आता मुख्य. बाळंतिणीला दूध उतरत नसेल तर आमच्यात एक पाला देतात. मला तो आत्याने दिला. आदल्या संध्याकाळी झाडापाशी तांदळाचे दाणे ठेवून म्हणायचं, "उद्या येते गं, चल माझ्यासंगं." सकाळी तोडायचा. पैसा घ्यायचा नाही. तो लिहायचा नाही, एकीने एकीच्याच कानात सांगायचा. आणि सांगितला की सांगणारीच्या हाताचा गुण जातो, मग तिने कितीही वाटून दिला तरी दूध उतरत नाही. म्हणून आमची माणसं शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात, आणि कित्येकदा ती घटका न सांगता येते.

माझी अडचण अशी. तेजस्विनी दिवाळीच्या सुमारास बाळंत होईल. "आजी, मला तुझ्याच हातचं हवं," असं ती फोनवर सारखं म्हणते. थांबले तर तिच्या वेळी हातात गुण राहील. पण दिवाळीचं नाव काढलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. त्याआधी मी गेले तर पालाही गेला.

घ्यायला घरात होती एक शकू. ती इथल्याच मळ्यातली. नवी नवरी असताना तिने पाल्याचा डबा खुरपून लख्ख केला. शेतकऱ्याची पोर, न लावता उगवलं ते तण, एवढंच तिला शिकवलेलं. मी पाला पुन्हा डोंगरातून आणून लावला, पण हिला तो द्यायचा नाही, हे तेव्हाच ठरवून टाकलं. तरी उन्हाळ्यात कळशीने पाणी वर नेऊन त्या डब्यांना घालते ती शकूच. मी कधी बरं म्हटलं नाही.

परवा दुपारी झोपेत आत्या आली. केस ओले, ओच्यात पाला. मी हात पुढे केला. ती माझ्याजवळून निघून गेली आणि मेथी निवडणाऱ्या शकूशेजारी बसली. दोघी निवडत राहिल्या, घरभर ओल्या रानाचा वास. जाग आली तर शकू खरंच मेथी निवडत होती. आधी मला राग आला, मग रडू आलं.

म्हणून आज सकाळी, या कागदाआधी, शकूला गच्चीवर नेलं. ती म्हणाली, "आई, आधी तेजूचं होऊ द्या की." मी म्हटलं, "गप. ऐक." आणि कानात सांगितलं.

तेव्हा पाला या मृत्युपत्रात शोधू नये. तेजूला तिच्या आईच्या हातचा द्यावा. तेजूने नाक मुरडू नये.

६. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असं आम्रपालीताई म्हणतात. मी म्हटलं, लिहा. दिवाळीला मी असले, तर म्हातारीच्या हातात आता काही उरलं नाही म्हणून मला बाजूला बसवू नका. बाळ आधी माझ्याकडे द्या.

हे वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

ठिकाण : वारजे, पुणे
दिनांक : ९ सप्टेंबर २०२५
हिराबाई दशरथ तळपे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
१. जयसिंग धुमाळ, शेजारी (सही)
२. डॉ. केदार आपटे (सही)