ताईचं चौथं ऑपरेशन

३ फेब्रुवारी २०२५
ताईचं पोट परत फुगलंय. हिरव्या उलट्या, दोन दिवस वारासुद्धा सरला नाही. पॉल दाजींनी कोल्हारहून गाडी करून आमच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात आणलं. सीझर, मग अपेंडिक्स, मग चिकटलेली आतडी सोडवायला तिसरं ऑपरेशन — आणि परत तेच!
सर्जन म्हणाले, "नाकातून नळी टाकलीय. दोन दिवस थांबू. पोट उघडलं की आत आणखी चिकटतं."
हे मला सांगतात. सहा वर्षं लॅबमध्ये मी दुसरं काय करतेय!

४ फेब्रुवारी
आज उंदरांची पोटं उघडली. नुसतं सलाईन दिलेल्यांची आतडी एकमेकांना डकलेली. औषध दिलेल्यांची मोकळी, ओली, चकाकणारी. पोटात जखम झाली की शरीराच्याच रक्षक पेशी धावून येतात, गोळा होतात, आणि त्या गोळ्यांवर आतडी बांधून टाकणारे दोर विणले जातात. आम्ही त्या पेशींना पहिले काही दिवस अडवतो. एवढंच.
पण दोन उंदरांचे आतड्याचे टाके उसवलेले. दोन्ही औषधवाले. जखम भरतात त्याही ह्याच पेशी ना!
आमच्या लॅबचे प्रमुख राधाकृष्ण सर यांनी ते दोन उंदीर परत तपासले. मग — "माणसाला द्यायला अजून वर्षं लागतील, आराधना."

५ फेब्रुवारी
दुपारी ताईपाशी बसले. नळीमुळे आवाज घोगरा झालाय.
"आरू, तुझं ते औषध दे की मला."
"उंदरांचं आहे गं ते."
"मग मी काय हाय आता? घोटभर पाणी ठरत न्हाई."
म्हटलं, टाके उसवले तर मरशील.
"आत्ता काय करतीय मग? थोडी थोडी मरतीच हाय की."
दाजी खिडकीकडे तोंड करून उभे होते.
लॅबच्या फ्रीजमध्ये अर्धी बाटली आहे. किल्ली माझ्याकडे. हे फक्त इथे लिहितेय.
मी ताईला नाही म्हणाले. ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

६ फेब्रुवारी
नळीने भागलं नाही. उद्या ऑपरेशन. पास्टर येऊन गेले. मी डोळे मिटले, पण प्रार्थना आली नाही.

७ फेब्रुवारी
पाच तास! सर्जन बाहेर आले ते घामाने भिजलेले. "आत सिमेंट ओतल्यासारखं होतं." सोडवताना आतडं दोन जागी फाटलं. शिवलंय. जिवंत आहे.

११ फेब्रुवारी
ताप. पोटातल्या ड्रेनच्या नळीतून घाण येतेय. टाके उसवले — औषध न देताच.

१२ फेब्रुवारी
ताई गेली. सकाळी नऊ वीसला.

१५ फेब्रुवारी
परवा मातीहून परतताना दाजी एवढंच म्हणाले, "दिलं असतं तर?"
माहीत नाही दाजी. देवाशपथ माहीत नाही.

२० फेब्रुवारी
पॅथॉलॉजीतून लॅबमध्ये एक बरणी आली. कुणाच्या तरी पोटातून कापून काढलेले दोर. माणसाचे — आजवर आमच्याकडे फक्त उंदरांचे होते. सोबत संमतीपत्र. सही सहा तारखेची : कृपा पॉल त्रिभुवन. खाली तिच्याच वाकड्या अक्षरात — "धाकटीच्या कामाला द्यावे."
मी हातमोजे घातले.